मडके फुटते, घागर चेपते

पाण्याने भरलेली तांब्याची घागर हातातून निसटून फरशीवर पडली, तर तिला पोचा येतो. घरातील वडील मंडळी थोडी कुरकुरतात, पुढे सवडीने तांबटाकडून तो पोचा काढून आणला जातो आणि घागर पुन्हा पाण्याला लागते. त्याच फरशीवर, त्याच उंचीवरून मातीचा माठ पडला, तर मात्र खापऱ्या गोळा करण्यावाचून दुसरे काही हाती उरत नाही. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच टिपून ठेवला आहे. घागर 'चेपते' आणि मडके 'फुटते'. एकाचे क्रियापद दुसऱ्यास लावण्याची चूक लहान मूलदेखील करीत नाही.

श्रोतेहो, हा भेद का असावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. माठ नाजूक असतो म्हणून फुटतो, असे उत्तर कोणी दिले, तर ते उत्तर नव्हे. तो प्रश्नच वेगळ्या शब्दांत मांडला, एवढेच. शिवाय 'नाजूक' हा शब्द येथे फसवा आहे. चांगल्या भाजलेल्या खापरीच्या कडेने तांब्याच्या पत्र्यावर ओरखडा काढता येतो. म्हणजे दोहोंत अधिक कठीण आहे ती खापरी. जे अधिक कठीण ते फुटते आणि जे मऊ ते निभावून जाते, असा हा प्रकार आहे. त्याचे रहस्य अणू कोणत्या जातीचे आहेत एवढ्यावरून उलगडत नाही. ते अणू एकमेकांशी कोणत्या नात्याने बांधले गेले आहेत, हे पाहावे लागते.

तांब्याच्या अणूत २९ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी २८ आपापल्या अणूला धरून राहतात. सर्वांत बाहेरचा एक मात्र घनरूप तांब्यात कोणा एकट्याच्या मालकीचा राहत नाही. तो साऱ्या समूहाचा होतो. अशा मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा जणू एक सागर सर्वत्र पसरलेला असतो आणि त्यात तांब्याचे अणू ओळीने, थरांवर थर रचून बसलेले असतात. त्यांना एकत्र ठेवणारी शक्ती म्हणजे हा सामाईक सागर. तांब्यातून वीज सहज वाहते, घागर उन्हात ठेवली की क्षणात तापते, हेही याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे काम. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या बंधाला दिशा नसते. अणूंचा एक थर शेजारच्या थरावरून एक घर पुढे सरकला, तरी काही बिघडत नाही. नवे शेजारी जुन्यांसारखेच आणि सागर तोच.

मातीची गोष्ट अगदी निराळी आहे. मातीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे प्राबल्य असते. सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंना चार ठरलेल्या दिशांनी धरून बसतो. येथे इलेक्ट्रॉन गावकीचे नाहीत. दोन शेजाऱ्यांत त्यांची वाटणी झालेली आहे आणि ती वाटणी ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनातच टिकते. हा बंध तांब्यातील बंधापेक्षा चिवट. परंतु त्यास सवलत ठाऊक नाही. तो असतो किंवा तुटतो. एक घर सरकून पुन्हा जुळण्याची सोय त्यात जवळजवळ नाहीच.

मग कोणी विचारील की, ओली माती कुंभाराच्या चाकावर लोण्यासारखी वळते ती कशी? प्रश्न रास्त आहे. मातीच्या खनिजांपैकी केओलिनाइट हे साधे उदाहरण घेऊ. चिनी मातीचा हा मुख्य घटक. त्याची रचना पापुद्र्यांची असते. सिलिकॉन व ऑक्सिजन यांची एक जाळी आणि तिला जोडलेली ॲल्युमिनियमची दुसरी जाळी मिळून एक पापुद्रा होतो. मिलिमीटरचे एक कोटी भाग कल्पिले, तर त्यांतील जेमतेम सात भागांएवढी एका पापुद्र्याची जाडी. अभ्रक आणि माती यांसारख्या पापुद्र्यांच्या खनिजांची घडण क्ष-किरणांच्या साह्याने उलगडण्याचे मोठे काम लायनस पाउलिंग यांनी १९३० साली केले. पापुद्र्याच्या आतील बंध बळकट, पण दोन पापुद्र्यांमधील बंध दुबळे. असे असंख्य पापुद्रे मिळून मातीचा एक सूक्ष्म चपटा कण होतो आणि दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर शिरला की ते एकमेकांवरून घसरू लागतात. कुंभाराचा अंगठा दाबतो तेव्हा घसरतात ते हे कण. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बंध कोठेही तुटत नाही. थोडक्यात, ओली माती आणि तांबे ही दोन्ही वळतात, पण एकीत वंगण पाण्याचे आहे आणि दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांचे. पाणी उन्हात उडून जाते, हा त्यांतला फरक.

आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत पाणी याहून खोलवर जाते. तिच्यातील खनिजांच्या खुद्द पापुद्र्यांमध्येच पाणी शिरते. म्हणून ती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात तिला हात हात भेगा पडतात. असली माती एकटी वापरली, तर मडके सुकतानाच तडकेल. कुंभार तिच्यात राख, घोड्याची लीद, भुसा असे काही मिसळतो, त्याचे एक कारण हे आहे. आटणे कमी होते आणि सुकताना पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळते.

उन्हात सुकलेले कच्चे मडके पाण्यात ठेवले, तर त्याचा पुन्हा चिखल होतो. आव्यातून निघालेले मडके मात्र वर्षानुवर्षे पाणी धरून ठेवते. या दोन अवस्थांच्या मध्ये काय घडले? नुसते वाळणे नव्हे. केओलिनाइटच्या पापुद्र्यांत हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जोड्या रचनेचाच भाग म्हणून बसलेल्या असतात. उष्णता साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचली की या जोड्या मोडतात आणि पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघून जातात. शुद्ध केओलिनाइटच्या १०० ग्रॅममधून असे सुमारे १४ ग्रॅम पाणी बाहेर पडते. हे पाणी मातीला ओल देणारे नव्हते. मातीला माती ठेवणारे होते. ते गेल्यावर पापुद्र्यांची सुबक रचना कोसळते, कणांच्या कडा एकमेकींस चिकटतात आणि मातीतील क्षार, लोह इत्यादींच्या साह्याने थोडा काचेसारखा अंश वितळून त्यांना सांधतो. पाण्याने सुटणारे दुबळे सांधे जाऊन त्यांच्या जागी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे पक्के सांधे येतात. साध्या भट्टीत एवढी आच मिळते. चिनी मातीच्या कपबशांना १३०० अंशांच्या वर जावे लागते.

मडके भाजताना त्याचा रंगही बदलतो आणि या रंगावरून आपल्याकडे प्राचीन काळी एक मार्मिक वाद झाला. कच्चे मडके काळपट वा पिवळट असते, भाजल्यावर ते तांबडे होते. हा नवा गुण कोठे उत्पन्न झाला? वैशेषिकांचे म्हणणे असे की, अग्नीच्या योगाने मडके विघटित होऊन परमाणूंपर्यंत पोहोचते, रंग परमाणूंत पालटतो आणि मग ते परमाणू पुन्हा जुळून तांबडे मडके तयार होते. हे सारे इतक्या त्वरेने घडते की डोळ्यांना कळत नाही. परमाणूला 'पीलु' म्हणतात, म्हणून हा पीलुपाकवाद. नैयायिकांना ही कल्पना अवघड वाटली. मडके तर आव्यात अखंड दिसते. त्याला सूक्ष्म छिद्रे आहेत, त्यांतून अग्नी आत शिरतो आणि रंग पालटतो तो सबंध भांड्याचाच, असे ते म्हणाले. भांड्याला 'पिठर' म्हणतात, म्हणून हा पिठरपाकवाद.

जुन्या ग्रंथांत आजचे विज्ञान शोधण्याचा सोस मला नाही. तो दोघांवरही अन्याय होईल. परंतु प्रश्न विचारण्याची त्यांची रीत पाहून आदर वाटल्यावाचून राहत नाही. गुण नेमका कोठे राहतो, हा खरा प्रश्न त्यांनी पकडला होता. आज आपण काय सांगू? मातीत लोह असते आणि भाजताना त्याचा ऑक्सिजनशी जो संयोग स्थिर होतो, त्याला हेमॅटाइट म्हणतात. त्यात लोहाच्या प्रत्येक अणूभोवती सहा ऑक्सिजन अणू असतात आणि तांबडा रंग या शेजारामुळे येतो. सुटा लोह अणू तांबडा नाही, ऑक्सिजन तांबडा नाही आणि रंगासाठी सबंध मडक्याचीही गरज नाही. हेमॅटाइटची चिमूटभर पूड पुरे. भट्टीचे तोंड बंद करून धूर आत कोंडला, तर लोहाला ऑक्सिजन कमी पडतो, त्याचा शेजार बदलतो, काजळीचे कणही मडक्यात मुरतात आणि तीच माती काळी होऊन बाहेर येते. नैयायिकांची छिद्रे तर खरीच निघाली. त्यांतूनच माठ पाझरतो आणि पाझरल्यामुळेच तो पाणी गार करतो. एक ग्रॅम पाणी बाहेर येऊन उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्यात ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड व्हावे.

आता फुटण्याकडे वळू. माती भाजून कठीण झाली, पण घसरण्याची शक्ती गमावून बसली. तरीही सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधाचे बळ हिशेबात धरले, तर माठ एवढ्या सहज फुटता कामा नये. काचेच्या बाबतीत हाच घोटाळा ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने सोडविला. त्याचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. ग्रिफिथचे म्हणणे असे की, प्रत्येक काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ताण पडला की तो सर्वत्र सारखा न वाटला जाता चिरेच्या टोकाशी एकवटतो. कापडाचा दुकानदार ताग्यातून कापड फाडताना आधी कात्रीने एक लहानशी खाच देतो, मग दोन्ही हातांनी ओढतो आणि कापड सरळ फाटत जाते. चिरेचे काम त्या खाचेसारखे असते. ती एका मर्यादेपलीकडे लांबली की तिला थांबविणारे कोणी नसते. एक बंध तुटला की सारा भार पुढच्या बंधावर येतो आणि पाहता पाहता भांड्याची दोन शकले होतात. काच ओढून ओढून केसासारखी बारीक केली, तर तीत मोठ्या चिरांना जागाच उरत नाही आणि तो धागा विलक्षण बळकट ठरतो, हेही ग्रिफिथने प्रयोगाने दाखविले.

बाजारात माठ घेताना गृहिणी तो उचलून बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. खणखणीत वाजला तर घेतात, बद्द वाजला तर खाली ठेवतात. ही ग्रिफिथच्या चिरेचीच परीक्षा आहे. अखंड भिंतीतून नादाच्या लहरी विनाअडथळा फिरतात. चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासल्या की ती ऊर्जा तेथेच जिरते. ही कसोटी आपल्या बायकांना कोणत्याही प्रबंधाआधी अवगत होती.

तांब्यातही चिरा असतात. मग ते का फुटत नाही? कारण चिरेच्या टोकाशी ताण एकवटला की तेथील थर घसरतात आणि ते अणकुचीदार टोक बोथट होऊन जाते. पडण्याची ऊर्जा पोचा पाडण्यात खर्च होते. परंतु हे घसरणे कसे होते, याचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. याकॉव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ साली हिशेब केला की, अणूंचा एक पुरा थर दुसऱ्यावरून एकदम ढकलावयाचा तर किती जोर लागेल. उत्तर आले ते प्रत्यक्षाच्या हजारो पट! शुद्ध तांब्याचा एकसंध स्फटिक तर बोटांनी वाकतो. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचविले. दिवाणखान्यात मोठी जड सतरंजी अंथरली आहे आणि ती वीतभर पुढे सरकवावयाची आहे. सगळी एकदम ओढू म्हटले, तर चार माणसे लागतील. पण एका कडेला एक वळकटी करून ती हळूहळू दुसऱ्या कडेपर्यंत लोटीत नेली, तर एकटे पोरही ते काम करील. स्फटिकाच्या रचनेत असा एखादा दोष, एखादी अर्धवट संपलेली अणूंची ओळ असते. तीच वळकटीसारखी पुढे सरकते आणि तिच्या मागे थर एक घर सरकलेला असतो. १९५६ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दोष सरकताना प्रत्यक्ष दिसले. म्हणजे तांब्याचा मऊपणा त्याच्या रचनेतील उणिवेमुळे आहे आणि दिशाहीन बंधामुळे ती उणीव सुखाने हिंडू शकते. मातीच्या द्रव्यातही असे दोष असतात, पण पाऊल टाकण्यासाठी त्यांना दर वेळी एक पक्का बंध तोडावा लागतो. सतरंजी जणू खिळ्यांनी जमिनीला ठोकलेली.

हे कळले की पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत चालणाऱ्या कामाचे मर्म उमगते. तांबट भांडे घडवून झाल्यावर त्याच्या सर्वांगावर हातोडीचे सारखे, जवळजवळ ठोके देतो. त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांच्या नक्षीमुळे भांडे उन्हात झळकते; पण ती केवळ शोभा नव्हे. प्रत्येक ठोक्याने आत नवे दोष निर्माण होतात आणि अखेरीस त्यांची इतकी गर्दी होते की ते एकमेकांत अडकून पडतात. एका सतरंजीवर चोहोंकडून वळकट्या आणल्या, तर एकही पुढे जाणार नाही, तसेच हे. पत्रा ताठ होतो. त्याचे काठिण्य दुपटीच्या आसपास जाते. ताठपणा नको असेल, तेव्हा तांबट तोच पत्रा लाल होईपर्यंत तापवितो. अणू आपल्या जागा नव्याने लावून घेतात, गर्दी मोडते आणि तांबे पुन्हा मऊ होते. मग तो ते पाण्यात बुडवितो. लोहाराच्या पोलादासारखे तांबे त्यामुळे कडक होत नाही, कारण पोलाद कडक होते ते आत कोंडल्या गेलेल्या कार्बनमुळे, आणि तांब्यात तसे काही नाही. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी तांब्याची जाडसर तार एकाच ठिकाणी पुनःपुन्हा वाकवून पाहावी. ती आधी ताठ होते आणि मग तुटते. मडक्याला भाजणे हा परत न फिरणारा संस्कार आहे. तांब्याचा ताठपणा मात्र तापवून उतरविता येतो.

येथे कोणी काशाची आठवण करून देईल. उन्हाळ्यात तूप लावून ज्या काशाच्या वाटीने तळपाय घासतात, ती वाटी धातूचीच असते. पण पडली तर तडकते. मग धातूचा नियम कोठे गेला? कासे म्हणजे तांबे आणि कथील. साधारण चार भाग तांब्यास एक भाग कथील घातले की घसरण्याच्या वाटा अडू लागतात आणि असे भांडे तापवूनच घडवावे लागते. कथील आणखी वाढवून एकतृतीयांशाजवळ नेले की ३१ अणू तांब्याचे आणि ८ कथिलाचे अशा प्रमाणाचे एक गुंतागुंतीचे संयुग तयार होते. त्याच्या स्फटिकात साधे थरच नाहीत. दोषाने सरकावे कोठून? केरळातील आरन्मुळ येथील प्रसिद्ध आरसे या द्रव्याचे असतात. त्यांना पाठीमागून पारा लावलेली काच नसते. धातूच घासून घासून इतका सपाट करतात की त्यात तोंड दिसते. अशी झिलई मऊ तांब्यावर चढत नाही. आणि हा धातूचा आरसा हातातून पडला, तर काचेसारखाच फुटतो. नाव धातूचे आहे, पण रचना फुटणाऱ्याची आहे.

उलट दिशेचा प्रयत्नही झाला आहे. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील तीन संशोधकांनी झिर्कोनिया नावाच्या मातीच्या जातीच्या द्रव्याविषयी एक टिपण प्रसिद्ध केले आणि त्याच्या शीर्षकात, प्रश्नचिन्हासह का होईना, त्याला 'पोलाद' म्हटले. या द्रव्याचे स्फटिक मुद्दाम अशा अवस्थेत अडवून ठेवलेले असतात की, चीर जवळ आली आणि ताण वाढला म्हणजे ते आपली रचना बदलतात आणि सुमारे चार टक्क्यांनी फुगतात. चीर ज्या जागेतून पुढे जाणार, तीच जागा आवळली जाते आणि चीर अडते. बंध तेच, न वाकणारे. पण त्यांच्या मांडणीत थोडी माया ठेवलेली. आज दंतवैद्य दाढेवर जी पांढरी टोपी बसवितात, ती पुष्कळदा झिर्कोनियाची असते. सुपारी फोडण्यास ती वापरावी, असा याचा अर्थ नव्हे.

आता एक हिशेब मडक्याच्या बाजूचा. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष हाती आले. त्यांत तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी होत्या आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, चाकावर घडविलेली मातीची भांडी होती. ज्या मोकळ्या इलेक्ट्रॉनामुळे तांबे वाकते, तोच इलेक्ट्रॉन हवेतील ऑक्सिजन आणि जमिनीतील क्षार सहज काढून घेतात. म्हणून मातीत पुरलेल्या जुन्या तांब्यावर हिरवट पूट चढते आणि ते हळूहळू झिजते. खापरीच्या अणूंना ऑक्सिजन आधीच मिळालेला आहे, त्यांच्यापाशी देण्याजोगे काही उरलेले नाही. जोर्व्याची भांडी फुटली ती पडून, आदळून. गंजून एकही नाही. तिथली चांगली भाजलेली खापरी आजही बोटाने वाजविली, तर धातूसारखी खणखणते.